खांबाखालची सुट्टी

एदगार वानूतला खांब दिसला तेव्हा गाडी अजून पुरती थांबलीही नव्हती.

बाकीच्यांना घर दिसलं. पिवळसर दगडाच्या भिंती, निळ्या झडपांच्या खिडक्या, दारावर चढलेला द्राक्षाचा वेल, बाजूला अक्रोडाचं झाड. बायको मिरेय म्हणाली, "किती गोड!" मुलगी लुईझ म्हणाली, "कोंबड्या!" सासूबाई, म्हणजे मादाम सोलांज, म्हणाल्या, "जावईबापू, आधी माझी बॅग काढा, मग निसर्ग बघा."

जावईबापू निसर्ग बघतच नव्हते. ते अंगणाच्या मधोमध उभा असलेला, साल सोललेला, चर्चच्या मनोऱ्याशी स्पर्धा करणारा पाइनचा खांब बघत होते. शेंड्यावर वाळून तपकिरी झालेला पानांचा झुबका. त्याखाली लोंबणारं एक कडं, कड्याला फाटक्या कागदी पताका. मध्यावर एक पाटी, तिच्यावरची अक्षरं पावसाने धुऊन गेलेली. एदगारला खात्री होती की ती धोक्याची सूचना असणार. सूचना गेली होती, धोका उरला होता. आणि हे सगळं प्रकरण किंचित कललेलं होतं. माळ्यावरची झोपायची खोली ज्या बाजूला होती, बरोबर त्याच बाजूला.

एदगार लील शहरातल्या एका विमा कंपनीत 'अंगावर पडलेल्या वस्तू' या विभागात काम करायचा. असा विभाग असतो. कुंड्या, कौलं, दुकानांच्या पाट्या, एकदा एक पियानो, आणि एकदा वरच्या मजल्यावरचे आजोबा (हे प्रकरण अजून कोर्टात आहे). उमेदीची सगळी वर्षं या फायली वाचण्यात गेल्यामुळे त्याचं जगाबद्दलचं एक मत तयार झालं होतं: जी वस्तू उभी आहे, ती फक्त पडायची राहिली आहे.

पण तोंड उघडायची सोय नव्हती. गेल्या उन्हाळ्यातली समुद्रकाठची सुट्टी त्याने भरतीच्या भीतीने मोडली होती. ते उतरले होते त्या घरापासून समुद्र गाडीने तासाभरावर होता. त्याआधीची डोंगरातली सुट्टी एका गायीच्या नजरेवरून मोडली. या वेळी निघण्याआधी मिरेयने मोज्यांच्या घड्या घालता घालता शांतपणे सांगितलं होतं, "एदगार, ही सुट्टी जर तुझ्या भीतीपायी अर्ध्यात सुटली, तर पुढच्या वर्षीपासून मी आणि लुईझ वेगळ्या जाऊ. तू घरी बस. घरी काही पडत नाही."

ती ओरडली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. ती घड्या घालत होती. त्याने शब्द दिला: पंधरा दिवस 'धोका' म्हणणार नाही, 'जपून' म्हणणार नाही, आणि 'अरे देवा' म्हणालोच तर फक्त जेवणाच्या कौतुकात.

"छान आहे," तो खांबाकडे बघत म्हणाला. "उंच आहे. म्हणजे... छत."

माळ्यावरची खोली सासूबाईंना आणि लुईझला मिळाली. बॅगा वर नेल्यावर त्याने खिडकीतून एकदाच बाहेर डोकावलं. खांब आत डोकावत होता. वाऱ्याची झुळूक आली आणि खांब 'कर्र' असं काहीतरी बोलला. एदगार जिना उतरला तो कठड्याला धरून, आणि पुन्हा चढला नाही. कंबरेचं कारण सांगितलं. त्यानंतर दुपारभर अंगणात खुर्ची टाकून त्याने एवढंच पाहिलं, की खांबाची सावली सरकत सरकत माळ्याच्या कौलांवर येते, आडवी होते आणि तिथेच बराच वेळ पडून राहते. तालीम केल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी त्याने कुंपणापलीकडच्या गास्तों देल्पेशला गाठलं. म्हातारा घेवडा खुडत होता. सहज विचारल्यासारखं कसं विचारायचं, याचा सराव एदगारने सकाळी न्हाणीघरात केला होता.

"काय देल्पेशकाका, हवा बरी आहे."

"बरी आहे."

"आणि आमच्या अंगणातला तो... खांब. तोही बरा आहे?"

देल्पेशने टोपी मागे सारली आणि खांबाकडे बघितलं. आजारी पण मानी नातेवाइकाकडे लोक बघतात, तसं. "थकलाय."

"मग काढत का नाहीत?"

"काढायचा नसतो."

"पण पडेल की."

"पडणारच. पण आपणहून पडायचा असतो. हात लावायचा नसतो त्याला."

"आणि कोणाच्या अंगावर पडला तर?"

देल्पेशने प्रामाणिकपणे विचार केला. "मागचा पडला तेव्हा आमची एक कोंबडी गेली. सगळ्या गावाने टोप्या काढल्या होत्या." मग जरा मायेने म्हणाला, "गुणी होती हो."

देल्पेशच्या लेखी इथे सगळं सांगून झालं होतं. तो खांब काय आहे हे ठाऊक नसलेला माणूस ला ब्रूसी गावात अजून जन्मायचा होता. आणि बाहेर जन्मलेला जो माणूस समोर उभा होता, त्याने अख्ख्या प्रवासभर सासूबाईंना "मला खेड्यातलं सगळं कळतं, माझे आजोबा बीट पिकवायचे" असं ऐकवलं होतं. 'हे काय आहे' असं विचारण्याचे त्याचे सगळे दोर त्यानेच कापले होते. त्याने जाणकारासारखी मान हलवली, "हो, हो, आमच्याकडेही असंच," असं म्हणाला आणि घरी येऊन सिंकशी उभ्याउभ्या ग्लासावर ग्लास पाणी प्यायला.

मग त्याने घरमालकांना फोन लावला. मस्यू शास्ताने फार अगत्याचे गृहस्थ. "काय, सगळं ठीक? पाणी येतं? अंथरुणं बरी आहेत?"

"उत्तम! फक्त अंगणातला तो खांब—"

"हॅलो? हॅलो! काही ऐकूच येत नाहीये!" आणि फोन बंद. एदगारने पुन्हा पुन्हा लावून पाहिला. पाणी, अंथरुणं, भांडी, कोंबड्या या विषयांवर ओळ अगदी स्वच्छ होती. 'खांब' म्हटलं की जायची.

उरली गावची कचेरी. ती आठवड्यातून दोनदा सकाळी उघडायची, आणि तेव्हाही तिथल्या बाईंची कॉफी झाल्यावर. एदगार पाव आणायला जातो सांगून गेला. खेड्यात बातमी पावाच्या आधी घरी पोचते हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने प्रश्न मित्राच्या नावावर घातला.

"माझ्या एका मित्राच्या अंगणात एक उंच... लाकडी... आहे. कललेलं. पाडायला परवानगी कोणाची लागते?"

कचेरीतल्या मादाम व्हेस यांनी चष्मा चढवला. "मुळं आहेत?"

"नाहीत."

"मग ते झाड नाही. झाडांचं आम्ही बघतो. तारा आहेत?"

"नाहीत."

"मग वीजवाल्यांचंही नाही. वर काही आहे?"

"पताका आहेत. कागदी. निळ्या, पांढऱ्या, लाल."

मादाम व्हेस खुर्चीत ताठ झाल्या. "तिरंगी? आपल्या झेंड्यासारख्या? मग मस्यू, हा राष्ट्राचा मामला झाला. जिल्ह्याला लिहावं लागेल. उत्तर येईपर्यंत मित्राला म्हणावं, त्याच्या सावलीत आदराने वागा."

"मित्राची मुलगी त्याच्या सावलीतच झोपते हो!"

"भाग्यवान आहे."

"मी सरपंचांना भेटू का?"

"सरपंच हल्ली पलीकडच्या गावात बहिणीकडे राहतात. मोकळी हवा लागते त्यांना." बाईंनी खिडकीकडे बघत आवाज खाली आणला. "आणि मित्राला सांगा, पाडायचं वगैरे इथे बोलू नये. लोक मनाला लावून घेतात."

एदगार पाव न घेताच परतला. गाव वेडं आहे याबद्दल त्याच्या मनात आता शंका उरली नव्हती. घरी येऊन त्याने स्वतःच्या हिमतीवर बंदोबस्त सुरू केला. कोठारातला जाड दोर काढून त्याचं एक टोक खांबाला, जितका उंच हात पोचेल तितकं उंच, बांधलं आणि दुसरं अक्रोडाच्या झाडाला. दोर खांबाला घरापासून लांब ओढून धरेल, हा हिशेब.

"हे काय चाललंय?" मिरेयने खिडकीतून विचारलं.

"धुणं वाळत घालायला," एदगार म्हणाला.

आता दोर धुण्यासाठी आहे म्हटल्यावर धुणं आलं. त्याने टॉवेल धुतले. मग चादरी धुतल्या. चादरी वाळल्या की पुन्हा धुतल्या. रोज सकाळी हा माणूस बादली घेऊन बाहेर यायचा आणि दोराची गाठ तपासता यावी म्हणून शिट्टी वाजवत ओल्या चादरी टाकायचा. चादरीत वारा भरायचा, चादरी शिडासारख्या फुगायच्या आणि दोराला हिसडे द्यायच्या. पूर्वी फक्त 'कर्र' म्हणणारा खांब आता पूर्ण वाक्यं बोलू लागला.

"जावईबापूंना धुण्याचा नाद लागला वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "आमचे हे गेले तेव्हा असा एक जण भेटला असता तर मी दुसरं लग्न केलं असतं."

एदगारने संधी साधली. "सासूबाई, वर उकडत असेल ना? खाली गार आहे. तुम्ही आणि लुईझ खाली का नाही झोपत?"

"नको!" सासूबाई जरा जास्तच घाईने म्हणाल्या. "आम्ही आमच्या जागी मजेत आहोत. तुम्ही वर येऊ नका, कंबर सांभाळा."

आणि मग रेडिओवर वादळाचा ऑरेंज अलर्ट आला: गुरुवारी संध्याकाळी, सोसाट्याचे वारे, सैल वस्तू घरात घ्याव्यात. एदगारने त्या सैल वस्तूकडे पाहिलं. ती घरात घेण्यासारखी नव्हती, पण तिची स्वतःची तशी इच्छा दिसत होती. त्याने झाडं तोडणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "नोव्हेंबरात येतो." एदगारने कळवळून विचारलं, "नोव्हेंबर?" तो म्हणाला, "याच वर्षीच्या असं मी म्हटलेलं नाही."

एदगारपुढे आता दोनच रस्ते होते. मिरेयला सांगायचं, सुट्टी मोडायची आणि पुढचे सगळे उन्हाळे लीलमधल्या घरात मोज्यांबरोबर काढायचे. किंवा.

गुरुवारी मिरेय, लुईझ आणि सासूबाई तालुक्याच्या बाजाराला गेल्या. जेवूनच येणार होत्या. एदगारने पोट दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते खरोखरच दुखत होतं. त्याने कोठारातली करवत आणली आणि बाराची घंटा व्हायची वाट बघितली. बारा ते दोन ला ब्रूसी जेवतं. या वेळात गावात परकी फौज शिरली असती तरी तिला चीज संपेपर्यंत अंगणात थांबायला सांगितलं असतं.

घंटा झाली. त्याने करवत लावली. आकडेमोड त्याने रात्रभर जागून केली होती: उंची, वजन, वारा, खाचेचा कोन. अशा फायली त्याने इतक्या वाचल्या होत्या की खांब कुठे पडेल हे त्याला नेमकं बोटाने दाखवता आलं असतं. पलीकडच्या कुरणात. आकडेमोड खरोखरच अचूक होती.

फक्त तो दोर विसरला.

खांब कुरणाच्या दिशेने सुरेख कलला. एदगार आनंदाने ओरडणार एवढ्यात दोर ताणला, ओल्या चादरी फडाडल्या, अक्रोडाने पाय रोवले आणि खांब हवेतच थबकला, घरी काहीतरी राहिल्यासारखा. मग तो सावकाश वळला, चादरींचा पदर घेऊन, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या मनात जिथे जायचं होतं तिथे गेला.

आवाज मोठा झाला. मग कौलं घरंगळत खाली आली. मग काहीच नाही.

देल्पेशच्या खिडकीतून आवाज आला, "पडला वाटतं."

"जेवून घ्या आधी," त्याची बायको म्हणाली. "बदक गार होतंय."

एदगार जिना धावत चढला. कंबर, गुडघे, सगळं विसरून. लुईझ बाजारात आहे हे त्याला माहीत होतं. माहीत असण्याचा काही उपयोग होत नव्हता. दार ढकललं तर खोलीत आकाश होतं. वासे मोडून लोंबत होते आणि खांबाचा शेंडा, झुबका, कडं, पताका सगळ्यासकट, लुईझचा पलंग जिथे होता नेमका तिथे पडला होता.

पलंग मात्र नव्हता.

सासूबाईंचाही नव्हता. त्याच्या व्यवसायात याला 'संपूर्ण नाश' म्हणतात, पण तेव्हाही निदान एखादा खिळा उरतो. इथे फळ्यांवर पलंगाच्या आकाराचे दोन स्वच्छ चौकोन होते, बाजूला धूळ. एदगार खाली आला. स्वयंपाकघरामागे जुन्या पावभट्टीची दगडी, बसकी खोली होती. तिचं दार कोणी उघडत नसे. त्याने उघडलं. आत दोन पलंग कोंबून बसवलेले. भट्टीच्या लोखंडी दाराला सासूबाईंचा गाऊन टांगलेला. आणि लुईझच्या उशीवर एक बिडाचं पातेलं पालथं घातलेलं, तिच्या डोक्याच्या मापाचं.

त्याने ते पातेलं उचलून हातात तोललं, पुन्हा होतं तसं पालथं ठेवलं. मग बाहेर जाऊन खांबाच्या बुंध्यावर बसला.

गावाने जेवण पुरं केलं. सगळ्या उघड्या खिडक्यांतून काट्याचमच्यांचे आवाज येत होते. चीज आलं. कोणीतरी दुसऱ्यांदा घेतलं. फळं झाली, कॉफी झाली. फाशीची वेळ झाली आहे पण साहेबांचं जेवण व्हायचंय, अशा कैद्यासारखा एदगार तिथे बसून होता. शेवटी दारं उघडली आणि ला ब्रूसी टोप्या हातात घेऊन अंगणात जमलं. त्याच वेळी मिरेयची गाडी आली, आणि तिच्यामागून दुसऱ्या गाडीतून गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच अडकवलेले, धिप्पाड मस्यू शास्ताने उतरले.

देल्पेश बुंध्याशी वाकला. बोट फिरवलं. "हे आपणहून नाही," तो म्हणाला. "करवत आहे."

"कोणी?" शास्तानेंनी विचारलं.

एदगारने एक वाक्य तयार ठेवलं होतं. त्यात 'वस्तूचा अंगभूत दोष' आणि 'अपरिहार्य परिस्थिती' असे शब्द होते. त्याने मिरेयकडे बघितलं, छपरातून बाहेर आलेल्या खांबाकडे बघितलं, आणि ते वाक्य त्याला सापडेना.

"मी," तो म्हणाला. "मला भीती वाटली. पहिल्या दिवसापासून. गाडी थांबायच्या आधीपासून वाटते आहे."

मिरेय हातातली बाजाराची टोपली घेऊन पुढे आली आणि त्याच्याशेजारी बुंध्यावर धपकन बसली.

"हुश्श," ती म्हणाली. "किती वाट बघायला लावलीस रे."

"म्हणजे?"

"पहिल्याच संध्याकाळी मी आईला म्हटलं, तो खांब मला आवडला नाही. म्हटलं आता एदगार बोलेल, मग बघू. पण तू काही बोलेचनास! गायीला घाबरणारा माणूस त्या खांबाखाली शिट्टी वाजवत चादरी वाळत घालतोय. मला कळेना, खांब सुरक्षित आहे की तुझं डोकं फिरलंय. मला दोन्हीची भीती वाटायला लागली. मग तू पुन्हा पाव आणायला गेलास तेव्हा आम्ही पलंग हलवले."

"पण मला सांगितलं का नाही?"

"कशी सांगणार? मोठ्या तोऱ्यात मीच तुला बजावलं होतं ना?"

"आजवर घरातली सगळी भीती तुम्ही एकट्याने बाळगलीत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही निवांत. या वेळी प्रत्येकीला आपापली बाळगावी लागली. या वयात! पाठ धरलीय माझी."

"मला पातेल्यात झोप येत नाही," लुईझने सांगून टाकलं.

तेवढ्यात देल्पेशने घसा साफ केला. "साहेब, तुमचं आटपलं असेल तर. हा आमच्या सरपंचांच्या मानाचा खांब होता. निवडून आले तेव्हा गावाने त्यांच्या दाराशी रोवला. तो उभा कुजू द्यायचा असतो. तुमच्याकडेही असंच असतं म्हणालात ना?"

एदगारने अंगणाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग शास्तानेंकडे. सरपंच पुढे आले. सगळ्या गावाला दिसेल असा कठोर चेहरा करून त्यांनी एदगारच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला कोपऱ्यात नेलं आणि कानाशी कुजबुजले, "देव तुमचं भलं करो. मी स्वतःचं घर भाड्याने देऊन बहिणीकडे का राहतो असं वाटतं तुम्हाला?" मग मोठ्याने, "हा अपमान आहे! छपराचं मी बघतो, पण अपमान तो अपमान!"

दंड देल्पेशने सुनावला. पाडणाऱ्याने नवा खांब द्यायचा आणि गावाला जेवू घालायचं. "आणि नवा रोवायचा पाडणाऱ्याच्या दाराशी." एदगारने पटकन सांगितलं की आपलं दार लीलला आहे. देल्पेशने मान हलवली. "सध्या तुमचं दार हेच." हे ऐकून एदगारपेक्षा सरपंचांचा चेहरा जास्त उतरला.

वादळ संध्याकाळी आलंच नाही. ते दुसऱ्या जिल्ह्यात गेलं.

रविवारी अंगणात नवा खांब उभा राहिला. ताजा पाइन, आधीच्यापेक्षा उंच, नव्या कोऱ्या पताका, आणि पाटीवर ठसठशीत अक्षरांत 'एदगार वानूत यांस मान'. बदक झालं, बदकाच्या चरबीतले बटाटे झाले, अक्रोडाची दारू झाली. मग दुपारच्या उन्हात सगळं गाव गवतावर आडवं झालं. पण झोप कोणालाच येईना. सगळ्यांचे डोळे वर. सरपंच तर कुशीवर वळायलाही तयार नव्हते.

"एदगार," मिरेय म्हणाली, "सांग ना."

"काय?"

"काय काय होऊ शकतं ते."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"सांग रे. नीट सांग, काही गाळू नकोस."

एदगारने बसतं होऊन घसा साफ केला. लाकूड ओलं आहे, तो म्हणाला, ते सुकताना पीळ खाणार. खड्ड्याची माती भुसभुशीत, पावसाने बसणार. पताकांत वारा भरणार, हे तर चादरींवरून सिद्धच झालं आहे. लुईझने डोळे मिटले. सुतारपक्षी, एदगार म्हणाला. वीज. खांबाला अंग घासणारी गाय. सासूबाई पोटावर पातेलं धरून घोरू लागल्या. भुंगे आतून पोखरतात आणि बाहेरून काही कळत नाही. मिरेयचा हात त्याच्या गुडघ्यावर सैल पडला. कड्याची तार गंजते, कडं आधी येतं. देल्पेशची टोपी नाकावर आली. एकेक करून सगळं गाव शांत झालं, आणि सर्वांत शेवटी सरपंचांनी सुटकेचा एक मोठा श्वास सोडला आणि कुशीवर वळले.

एदगार एकटाच जागा राहिला. वाऱ्याची झुळूक आली, पताका हलल्या, आणि खांब वरून 'कर्र' बोलला.

"जपून," एदगार त्याला हळूच म्हणाला.